हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी: पार्टिशन सॉफ्टवेअरने डेटा कायमचा पुसण्याची रीत

जुना संगणक विकताना, कुणाला वापरायला देताना किंवा भंगारात काढताना बहुतेक जण महत्त्वाच्या फाइली डिलीट करतात, रिसायकल बिन रिकामा करतात आणि फारच काळजी वाटली तर ड्राइव्ह फॉरमॅट करतात. ड्राइव्ह रिकामा दिसू लागला की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणी डिस्कवरचा जवळजवळ सगळा डेटा जागच्या जागी असतो आणि फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने तो कुणालाही बाहेर काढता येतो.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेतील एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन त्यांची तपासणी केली आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण १५८ डिस्कपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि त्यांपैकी नीट पुसलेल्या केवळ १२ निघाल्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, वैद्यकीय माहिती आणि खासगी पत्रव्यवहार सापडला. यांतील अनेक डिस्क विकणाऱ्यांनी फॉरमॅट केलेल्या होत्या, म्हणजे त्यांनी आपल्या परीने काळजी घेतलेलीच होती. चूक होती ती फॉरमॅट म्हणजे पुसणे या समजुतीत, आणि ती समजूत आजही तितकीच घट्ट आहे.

डिलीट केल्यावर नेमके काय होते

विंडोजमधील एनटीएफएस फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलीची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या तक्त्यात ठेवते. फाइलीचे नाव काय, ती किती मोठी आहे आणि तिचे तुकडे डिस्कवर कोणकोणत्या जागी आहेत, हे सगळे त्या नोंदीत असते. फाइल डिलीट केली की ती नोंद ‘मोकळी’ अशी खूण करून ठेवली जाते आणि फाइलीने व्यापलेली जागा पुढच्या लेखनासाठी उपलब्ध होते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो, मग त्याला एक दिवस लागो की चार वर्षे.

क्विक फॉरमॅट हा याच प्रकाराचा मोठा अवतार आहे. त्यात नवा, कोरा तक्ता लिहिला जातो आणि बाकीच्या डिस्कला हातही लागत नाही. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी आहे. विंडोज एक्सपीमध्ये पूर्ण फॉरमॅट केले तरी डिस्कवरचे खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटा साठवण्याचा अगदी लहान खण) शोधण्यापलीकडे फारसे काही होत नसे. विंडोज व्हिस्टापासून मात्र पूर्ण फॉरमॅट करताना त्या पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाच्या, प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहिली जातात. म्हणून एकाच पार्टिशनपुरते पाहिले तर आजच्या विंडोजचे पूर्ण फॉरमॅट बऱ्यापैकी काम करते, पण ते त्या पार्टिशनच्या हद्दीबाहेर जात नाही आणि हीच त्याची मर्यादा आहे.

यावरून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया लक्षात येईल. डेटा पुसायचा म्हणजे त्याच्या जागेवर दुसरे काहीतरी लिहायचे, आणि तेही डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत.

सुरुवात करण्यापूर्वी

पहिला प्रश्न डिस्कच्या प्रकाराचा आहे. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असेल तर पुढे दिलेली रीत तिला तंतोतंत लागू पडते. एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्क, असेल तर वरून लिहिण्याची ही पद्धत पुरेशी नसते, त्यासाठी वेगळा मार्ग आहे आणि तो पुढे दिला आहे. विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात प्रत्येक डिस्कपुढे एचडीडी किंवा एसएसडी असे लिहिलेले दिसते.

त्यानंतर बॅकअप. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका. ज्या डिस्कवर तो घेतला ती दुसऱ्या संगणकाला जोडून चार-पाच फाइली उघडून पाहा. एकदा शून्ये लिहिली गेली की कोणतीही प्रयोगशाळा तो डेटा परत आणून देणार नाही, आणि नेमके तेच आपल्याला साधायचे असल्यामुळे इथे घाई करून चालणार नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ईमेल प्रोग्रॅमची साठवण, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्स की या गोष्टी डॉक्युमेंट्स फोल्डरबाहेर असतात आणि हमखास विसरल्या जातात.

तिसरी तयारी ओळख पटवण्याची आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. डेटा पुसताना होणारा मोठा अनर्थ बहुतेक वेळा एकच असतो: चुकीची डिस्क निवडली जाते. जी डिस्क पुसायची तिच्यावरील लेबल वाचून कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि क्षमता कागदावर लिहून घ्या. क्षमतेचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये वेगळा दिसेल, त्याने गोंधळू नका. लेबलवर १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. मग संगणकाला जोडलेल्या बाकीच्या सगळ्या बाह्य डिस्क, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. डेस्कटॉप संगणक असेल तर तो बंद करून, विजेची पिन काढून, नको त्या डिस्कच्या केबलही सोडवून ठेवणे उत्तम. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाऊ शकत नाही.

डिस्कची तब्येतही एकदा पाहून घ्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनात ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडचण येणारे, पण अजून बाजूला न काढलेले सेक्टर) असे दोन आकडे दिसतात. ते शून्य असतील तर चिंता नाही. पहिला आकडा मोठा असेल तर डिस्कने तितके खराब सेक्टर बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरायला घेतले आहेत, आणि बाजूला काढलेल्या त्या जागांपर्यंत कोणतेही पार्टिशन सॉफ्टवेअर पोहोचत नाही. साधारण घरगुती डेटासाठी हे चालून जाईल, पण डिस्कवर अतिशय संवेदनशील माहिती असेल तर अशी डिस्क दुसऱ्याला देऊच नये.

पार्टिशन सॉफ्टवेअरने पुसणे

मिनीटूल पार्टिशन विझार्ड, आओमेई पार्टिशन असिस्टंट आणि ईझयूएस पार्टिशन मास्टर ही विंडोजवरील ओळखीची नावे आहेत. मेनूंची मांडणी आवृत्तीनुसार बदलते आणि काही सुविधा पैसे भरलेल्या आवृत्तीतच मिळतात, परंतु कामाची रीत सगळीकडे सारखी आहे. सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.

सॉफ्टवेअर उघडले की प्रत्येक डिस्क एका आडव्या पट्टीच्या रूपात दिसते आणि त्या पट्टीत पार्टिशनांचे लहान-मोठे चौकोन असतात. इथे नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे सी किंवा डी असे अक्षर असलेल्या चौकोनावर क्लिक करून ते पार्टिशन पुसणे. तसे केल्यास अक्षर नसलेली लपलेली पार्टिशने, रिकव्हरी पार्टिशन आणि ‘अनअलोकेटेड’ म्हणून दाखवलेली जागा तशीच राहते. पूर्वी कधी पार्टिशनांचे आकार बदलले असतील तर जुन्या फाइलींचे अवशेष नेमके अशाच जागेत असतात. म्हणून पट्टीच्या डावीकडे जिथे डिस्कचा क्रमांक आणि एकूण क्षमता लिहिलेली असते तिथे क्लिक करून संपूर्ण डिस्क निवडा आणि मेनूतून ‘वाइप डिस्क’ किंवा त्या अर्थाचा पर्याय घ्या. ‘डिलीट ऑल पार्टिशन्स’ हा शेजारचा पर्याय दिसायला तसाच वाटतो, पण तो केवळ पार्टिशनांच्या नोंदी काढतो.

पुढच्या चौकटीत पुसण्याची पद्धत विचारली जाते. शून्यांनी भरणे, एकांनी भरणे, यादृच्छिक आकड्यांनी भरणे, अमेरिकी संरक्षण खात्याच्या नावाने ओळखली जाणारी तीन फेऱ्यांची पद्धत आणि ३५ फेऱ्यांची गटमन पद्धत असे पर्याय सहसा असतात. एकदा शून्यांनी भरण्याचा पहिला पर्याय निवडा. तेवढे का पुरते याचे स्पष्टीकरण थोडे पुढे आहे.

निवड झाल्यावरही अजून काहीच पुसलेले नसते. ही सॉफ्टवेअरे प्रत्येक काम आधी प्रलंबित यादीत ठेवतात आणि ‘अप्लाय’ बटण दाबल्यावरच डिस्कला हात लावतात. या मधल्या क्षणाचा उपयोग करून घ्या. कागदावर लिहिलेले मॉडेल आणि क्षमता पडद्यावरच्या नोंदीशी पुन्हा एकदा पडताळून पाहा आणि मगच अप्लाय दाबा. सॉफ्टवेअरमध्ये सिरियल नंबर दिसत नसेल आणि एकाच मॉडेलच्या दोन डिस्क जोडलेल्या असतील, तर पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या साधनातील गेट-डिस्क ही आज्ञा प्रत्येक डिस्कचा क्रमांक आणि सिरियल नंबर शेजारी शेजारी दाखवते.

वेगळे सॉफ्टवेअर न घेता: डिस्कपार्ट

विंडोजमध्ये डिस्कपार्ट नावाचे साधन आधीपासून असते आणि मला स्वतःला तेच अधिक भरवशाचे वाटते, कारण त्यात काहीही विकत घ्यावे लागत नाही आणि कोणत्या आज्ञेने काय होते हे नेमके ठाऊक असते. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत टाकाव्यात.

स्टार्ट मेनूत कमांड प्रॉम्प्ट शोधून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ‘डिस्कपार्ट’ असे टाइप करून एंटर दाबा. नंतर ‘लिस्ट डिस्क’ लिहा, म्हणजे जोडलेल्या डिस्कांची यादी क्रमांक आणि आकारासह येईल. समजा पुसायची डिस्क २ क्रमांकाची आहे, तर ‘सिलेक्ट डिस्क २’ लिहा. आता थेट पुढे न जाता ‘डिटेल डिस्क’ ही आज्ञा द्या. तिने निवडलेल्या डिस्कचे मॉडेल आणि तिच्यावरील सर्व व्हॉल्यूम (सी, डी यांसारखे ड्राइव्ह) दिसतात. पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ केले तर निवडलेल्या डिस्कपुढे तारांकन दिसेल. सगळे कागदाशी जुळले तरच ‘क्लीन ऑल’ लिहून एंटर दाबा.

‘क्लीन’ आणि ‘क्लीन ऑल’ या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसते क्लीन काही सेकंदांत संपते, कारण ते केवळ पार्टिशनांची माहिती काढून टाकते. क्लीन ऑल प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते. डिस्कपार्ट ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही आणि काम किती झाले हेही दाखवत नाही. तासन्‌तास कर्सर एकाच जागी लुकलुकत राहतो, त्यामुळे संगणक अडकला असे समजून अनेक जण खिडकी बंद करून टाकतात. तसे करू नका. डिस्कचा दिवा पेटता आहे ना एवढे पाहा आणि यशाचा संदेश येईपर्यंत थांबा.

वेळेचा अंदाज आधी काढलेला बरा. सेकंदाला सरासरी १५० एमबी या वेगाने लिहिणाऱ्या १ टीबी डिस्कला एका फेरीसाठी १ तास ५० मिनिटांच्या आसपास लागतात. डिस्कच्या आतल्या कडेकडे वेग बराच कमी होतो, म्हणून शेवटचा टप्पा रेंगाळल्यासारखा वाटतो. तीच डिस्क यूएसबी २.० च्या जुन्या केबलने जोडली, तर सेकंदाला ३५ एमबीच्या हिशेबाने आठेक तास लागतील. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा आणि पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा.

ज्या डिस्कवर विंडोज चालू आहे ती डिस्क त्याच विंडोजमधून पुसता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून संगणक सुरू करा आणि भाषा निवडण्याचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबा. काही लॅपटॉपांवर सोबत एफएन कीही दाबावी लागते. कमांड प्रॉम्प्ट उघडेल आणि तिथे वरच्याच आज्ञा चालतील. मात्र या वातावरणात डिस्कांचे क्रमांक आणि ड्राइव्हची अक्षरे नेहमीपेक्षा वेगळी असू शकतात, त्यामुळे आधीच्या क्रमांकावर विसंबून न राहता ओळख नव्याने पटवावी.

लिनक्स वापरणाऱ्यांना नोम डिस्क्स या साधनात संपूर्ण डिस्क फॉरमॅट करताना शून्यांनी भरण्याचा पर्याय मिळतो. जीपार्टेड हे पार्टिशनांसाठी उत्तम साधन आहे, पण पार्टिशन काढले म्हणजे ते डेटा पुसते असे नाही. मॅकमध्ये डिस्क युटिलिटीतून बाह्य हार्ड डिस्क निवडून ‘इरेज’ आणि त्यातील ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’ वापरावेत.

फेऱ्या किती?

पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या ३५ फेऱ्यांच्या क्रमाचा धाक आजही टिकून आहे. तो क्रम त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कांवर डेटा लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती लक्षात घेऊन तयार केला होता. एका डिस्कला त्या सगळ्या फेऱ्या लागतील असे त्यांचे म्हणणेच नव्हते, आणि पुढे त्यांनी स्वतः तसे स्पष्ट केले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेच्या २०१४ च्या आवृत्तीत, चुंबकीय डिस्कवर शून्यांची एक फेरी सर्वसाधारणपणे प्रयोगशाळेतील पुनर्प्राप्तीलाही अडवते, असे म्हटले आहे. १ टीबी डिस्कवर ३५ फेऱ्या करायला अडीच दिवसांहून अधिक काळ जाईल, डिस्क विनाकारण झिजेल आणि हाती अधिक काही लागणार नाही. तो वेळ पडताळणीला द्यावा.

पडताळणी

यशाचा संदेश आला तरी डिस्क स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. एचएक्सडी हा मोफत हेक्स संपादक (डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टूल्स मेनूतून ‘ओपन डिस्क’ घ्या. यादीत लॉजिकल आणि फिजिकल असे दोन भाग असतात. फिजिकलमधील आपली डिस्क निवडा आणि केवळ वाचण्यासाठी उघडण्याची खूण तशीच राहू द्या.

हे काम एकदा पुसण्याआधी आणि एकदा पुसल्यानंतर केले तर फरक स्पष्ट कळतो. आधी पहिल्या सेक्टरच्या शेवटच्या दोन खणांत ५५ आणि एए असे दिसते. ती पार्टिशन तक्त्याची खूण आहे. एनटीएफएस पार्टिशनच्या सुरुवातीला तर उजवीकडच्या मजकुरात त्या फाइल सिस्टिमचे नाव अक्षरशः लिहिलेले असते. पुसल्यानंतर हे सगळे जाऊन ओळीमागून ओळ फक्त ०० ०० ०० दिसायला हवे. सुरुवात पाहून झाली की सेक्टर क्रमांक टाकून मध्यभागी, मग आणखी चार-पाच ठिकाणी आणि अखेरीस शेवटच्या सेक्टरवर जा. १ टीबीच्या डिस्कमध्ये ५१२ बाइटचे साधारणपणे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, म्हणजे सगळे नजरेखालून घालणे शक्य नाही; पण एकाही ठिकाणी शून्याखेरीज काही दिसले तर पुसणे मध्येच थांबले होते असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. जोडीला फोटोरेक हे रिकव्हरी साधन संपूर्ण डिस्कवर चालवून पाहा. त्याला एकही फाइल सापडता कामा नये.

पडताळणी होईपर्यंत विंडोजचा ‘इनिशिअलाइझ डिस्क’ हा प्रश्न रद्द करत राहा, कारण त्याला होकार दिला की नवा पार्टिशन तक्ता लिहिला जातो आणि पहिले काही सेक्टर शून्य दिसत नाहीत.

एसएसडीसाठी वेगळा मार्ग

एसएसडीतील कंट्रोलर चिप झीज सर्वत्र सारखी विभागली जावी म्हणून प्रत्येक नवे लेखन वेगळ्या जागी नेते. आपण एखाद्या सेक्टरवर शून्य लिहितो तेव्हा जुना मजकूर दुसऱ्याच पेशीत तसाच राहिलेला असू शकतो. शिवाय एकूण क्षमतेचा काही भाग राखीव असतो आणि तो संगणकाला दिसतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये हे प्रत्यक्ष तपासले, तेव्हा संपूर्ण एसएसडी वरून लिहूनही ती दर वेळी स्वच्छ होतेच असे नाही, आणि एखादीच फाइल पुसण्याचे उपाय तर भरवशाचे नाहीत, असे आढळले.

म्हणून एसएसडीला तिच्या स्वतःच्या आज्ञेनेच पुसावे. साटा आणि एनव्हीएमई हे एसएसडी संगणकाला जोडण्याचे दोन प्रकार आहेत; साटा प्रकारात या आज्ञेला सिक्युअर इरेज म्हणतात आणि एनव्हीएमई प्रकारात फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. सॅमसंग मॅजिशियन, क्रूशियल स्टोरेज एक्झिक्युटिव्ह अशा कंपन्यांच्या साधनांत ही सोय मिळते आणि काही संगणकांच्या बायोसमध्येही (विंडोजआधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) असते. यूएसबी अडॅप्टरमधून ही आज्ञा अनेकदा पोहोचत नाही, तेव्हा एसएसडी थेट मदरबोर्डला जोडावी. ‘फ्रोझन’, म्हणजे पुसण्याची आज्ञा रोखून धरलेली आहे, असा अडथळा आल्यास संगणक स्लीप करून पुन्हा जागा केल्यावर तो बऱ्याचदा सुटतो.

नवी डिस्क घेतल्या दिवशीच बिटलॉकरसारखे एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात साठवणे) चालू केले असेल तर पुढचे काम फार सोपे होते, कारण त्याची सांकेतिक किल्ली नष्ट झाली की उरलेला डेटा अर्थहीन असतो. मात्र आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली रिकव्हरी की (ती पर्यायी किल्ली) हीसुद्धा काढून टाकावी लागते. एन्क्रिप्शन नंतर कधीतरी ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय घेऊन चालू केले असेल तर त्यापूर्वी डिलीट केलेल्या फाइलींना त्याचे संरक्षण मिळत नाही.

डिस्क दाद देत नसेल तर

क्लीन ऑल मध्येच आय/ओ एररने (लिहिण्या-वाचण्यातील चुकीने) थांबले किंवा डिस्क संगणकाला दिसतच नसेल, तर तिच्यावर लिहिता येत नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. तिच्यावरचा डेटा वाचण्याची साधने असलेली माणसे आहेत. अशी डिस्क कुणाला देऊ नका. तिचे झाकण उघडून तबकड्या निकामी करा किंवा डिस्क नष्ट करणाऱ्या व्यावसायिक सेवेकडे सोपवा. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटल्यावर त्यांचे धारदार तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत जाड मोजे हवेतच.

पडताळणीत उत्तीर्ण झालेली डिस्क विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जीपीटी (पार्टिशन तक्त्याचा नवा प्रकार) पद्धतीने इनिशिअलाइझ करून तिच्यावर एक नवे पार्टिशन बनवा. क्विक फॉरमॅट आता खुशाल वापरता येईल. पुसल्याची तारीख आणि पद्धत एका चिठ्ठीवर लिहून ती डिस्कला चिकटवा, म्हणजे कपाटात चार डिस्क जमल्या तरी कोणती द्यायची आणि कोणती अजून बाकी आहे हे कळेल.